काडीमोल

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आमच्या भागात नवी केरसुणी आणतात. तिच्या मुठीला हळदकुंकू लावतात आणि तबकातल्या चांदीच्या नाण्याशेजारी तिला बसवतात. वर्षभर दाराआड उभी राहणारी ती वस्तू त्या संध्याकाळी लक्ष्मी होते. आपल्या पूर्वजांच्या अनेक चालीरीतींविषयी माझ्या मनात शंका आहेत. पण ही चाल ज्याने कोणी पाडली त्याला काहीतरी खोल सुचले होते, असे मला नेहमी वाटत आले आहे. संपत्ती आणि केर यांच्यामधली भिंत आपण समजतो तितकी जाड नाही, हे त्याने ओळखले असावे.

ही केरसुणी होते शिंदीच्या पात्यांची. शिंदी कोणी मुद्दाम लावत नाही. ओढ्याकाठी, पडीक रानात ती आपली आपण वाढते. तिची पाती कापून, वाळवून, चिरून, मुठीशी घट्ट आवळून मातंग समाजातली माणसे केरसुण्या बांधीत. ज्या पात्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याची त्यांच्या हातून लक्ष्मी होई. त्या हातांना मात्र त्याच संध्याकाळी पूजेच्या ओसरीवर चढू देत नसत. या गोष्टीकडे मला पुढे वळायचेच आहे; सणाच्या पानावर पहिलाच घास कडू नको, म्हणून तूर्त बाजूला ठेवतो.

निरुपयोगी वस्तूंच्या बाबतीत आपली भाषा मोठी निष्ठुर आहे. काडीमोल, कस्पटासमान, पालापाचोळा! कोणाची किंमत कमी करायची झाली की ती सरळ शेतात शिरते आणि हाताला लागेल ती काडी उचलते. कवडीमोल हा त्यातलाच एक शब्द. पण कवडीमोल म्हणणाऱ्याने एकदा तुळजापूरला येऊन जावे. तिथे देवीचे आराधी कवड्यांच्या माळा गळ्यात घालून उभे असतात, आणि त्या माळेपुढे माणसे मान लववतात. कवडीचे मोल ती कुणाच्या गळ्यात आहे यावर ठरते. काडीचेही तसेच असेल का? हा प्रश्न गेल्या संक्रांतीपासून माझ्या डोक्यात फिरतो आहे, आणि तो तिथे सोडला माझ्या भाच्याने.

भाचा रसायन-अभियांत्रिकी शिकलेला, मुंबईत नोकरीला. संक्रांतीला चार दिवस आमच्याकडे आला होता. आमचा धाराशिव जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगांवर पसरलेला. पाऊस लहरी, जमीन कुठे काळी खोल तर कुठे वीतभर मुरूम. खरिपाला सोयाबीन, तूर, उडीद. रब्बीला ज्वारी, हरभरा. आणि जिथे विहिरीला किंवा तळ्याला पाणी तिथे ऊस. दाणा घरात येतो, बाजारात जातो, त्याची पावती होते. मागे जे राहते त्याची पावती नाही. सोयाबीनचे भुसकट मळणीयंत्राच्या तोंडाशी ढीग होऊन पडते. तुरीच्या शेंगा झोडपल्या की तुराट्या उरतात. ऊस तोडून गेला की गुडघाभर पाचट राहते, आणि पुष्कळ शेतकरी त्याला काडी लावून मोकळे होतात. ज्वारीचा कडबा तेवढा भाग्यवान. दुष्काळात त्याला दाण्याहून अधिक भाव आल्याचे आम्ही पाहिले आहे.

असेच एक संध्याकाळी पाचट पेटलेले पाहून भाचा म्हणाला, "मामा, हे जाळण्यापेक्षा शिजवायला पाहिजे."

मला वाटले थट्टा करतो आहे. पण त्याने मग मला जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. त्यात कमीजास्त झाले तर दोष माझा.

तुमच्या घरच्या कुकरमध्ये तूरडाळ शिजते ती का? झाकण घट्ट असल्यामुळे वाफ कोंडते, दाब वाढतो, आणि पाणी शंभर अंशांऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळते. तेवढ्या वीस अंशांनी डाळीची चिवट पेशी सैल पडते. आता अशी कल्पना करा की कुकर जाड पोलादाचा आहे आणि आत डाळीऐवजी भुसकट आहे. तापमान दोनशे अंशांपर्यंत नेले, तर आतला दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पंधरापटीवर जातो. अडीचशे अंशांना चाळीसपटीच्या जवळ. इतक्या दाबाखाली पाणी वाफ होऊन उडून जाऊ शकत नाही. ते पाणीच राहते, पण त्याचा स्वभाव पालटतो. आपले साधे, शांत पाणी सौम्य आम्लासारखे वागू लागते, आणि काडीचा जो ताठा असतो तो मोडून काढते. काही तास हा स्वयंपाक चालला की आत एक काळा, ठिसूळ पदार्थ तयार होतो. तो दगडी कोळशाचा धाकटा भाऊच. मूळच्या काडीपेक्षा तो अधिक उष्णता देतो, पाणी धरून ठेवत नाही, आणि त्याच्या वड्या पाडता येतात.

निसर्गाने जंगले चिखलात गाडून कोट्यवधी वर्षांत दगडी कोळसा केला. हे काम काही तासांत करून पाहिले ते फ्रीड्रिख बेर्गियुस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. त्याने १९१३ साली त्याविषयी लिहिले. पुढे उच्च दाबाच्या रसायनकार्यासाठी १९३१ चे नोबेल पारितोषिक त्याला कार्ल बॉश यांच्याबरोबर मिळाले. याच माणसाने नंतर लाकडापासून साखर करण्यात वर्षे घालवली, आणि त्याच्याच दुसऱ्या एका रीतीने दगडी कोळशाचे पेट्रोल करून दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने उडाली. भांडे एकच, त्यात काय शिजवायचे आणि कोणासाठी, हे भांडे ठरवीत नाही.

पण मला अधिक आवडली ती कुकरच्या जन्माची कथा. दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडणारे एक भांडे मांडले. ते त्याने केले होते हाडे मऊ करण्यासाठी! खाटकाकडे फेकून दिली जाणारी हाडे शिजवून त्यांचा रस काढावा, म्हणजे गरिबाच्या ताटात काही पौष्टिक पडेल, असा त्याचा हेतू. आज आपल्या स्वयंपाकघरात शिट्ट्या देणारी ही वस्तू मुळात टाकाऊतून खाद्य काढण्यासाठी जन्मली, हे गृहिणींना ठाऊक असावे म्हणून मुद्दाम लिहितो.

तर, भाचा म्हणतो ती गोष्ट अगदीच स्वप्नातली नाही. आपल्याच महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या पुण्याच्या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडण्याची सोपी रीत बसवली, आणि तिला २००२ साली इंग्लंडचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले. ती रीत कोरडी, म्हणजे हवा कोंडून भाजण्याची. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये जो इथेनॉलचा कारखाना सुरू झाला, त्याचे तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचे. वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन सुमारे तीन कोटी लिटर इथेनॉल करावे अशी त्याची आखणी आहे. तिथेही पेंढ्याला आधी उष्णता आणि दाब देऊन उकलावे लागते. भाच्याच्या रीतीचा विशेष एवढाच की तिला माल वाळवावा लागत नाही. मंडईतला भाजीपाला, शेण, कारखान्यातून निघणारा उसाचा ओला गाळ, तळ्यांवरची जलपर्णी, असे जे जे ओले असल्यामुळे जळत नाही ते ते तिला चालते. उणिवाही त्याने लपवल्या नाहीत. इतका दाब सोसणारे भांडे महाग असते, ते सांभाळायला जाणता माणूस लागतो, आणि शिजवून उरणारे तपकिरी पाणी तसेच ओढ्यात सोडले तर ओढा नासतो.

रात्री जेवणे झाल्यावर तो वही घेऊन बसला. आमच्या पाच-सात गावांत मिळून किती भुसकट, किती तुराट्या, भांडे केवढे, वाहतूक किती, कांडीला भाव काय. भूम-वाशीकडे खव्याच्या भट्ट्या लाकडावर चालतात, तिथे गिऱ्हाईक मिळेल, असेही त्याने हेरले होते. मी चष्मा लावून वही पाहिली. सगळ्या रकान्यांत आकडे होते. 'कच्चा माल' या शब्दांपुढे मात्र शून्य होते.

"हे शून्य कसे?" मी विचारले.

"मामा, कचऱ्याला कोण पैसे देतं? लोक जाळूनच टाकतात."

त्याचे म्हणणे हिशेबाच्या दृष्टीने बरोबर होते. पण त्या शून्याच्या जागी मला एक म्हातारी दिसू लागली.

दरवर्षी तुरीचे खळे झाले की ती आमच्या बांधावर येते. तिला जमीन नाही. "गुरुजी, तुराट्या नेऊ का?" असे एकदा विचारते, उत्तराची वाट न पाहता भारा बांधू लागते, कारण उत्तर ठरलेले असते. त्या भाऱ्यावर तिची चूल महिनाभर जळते, कुडाला चार काड्या लागतात, उरलेल्याचा शेळीला आडोसा होतो. आणि शेळीचे म्हणाल तर आमची उस्मानाबादी शेळी हाच मुळी काडीचे सोने करणारा जुना कारखाना आहे. बांधावरची बाभळीची शेंग, बोरीचा पाला, वाळकी पाने खाऊन ती दूध देते, दोन-दोन करडे देते. तिला ना पोलाद लागते, ना दाब.

माझ्या तुराट्यांना किंमत नाही, म्हणून त्या तिच्या आहेत. ज्या दिवशी भाच्याच्या भांड्यामुळे त्यांना क्विंटलमागे भाव येईल, त्या दिवशी त्या माझ्या होतील. मी काही वाईट माणूस नाही. तरीही त्या माझ्या होतील. सातबारा माझ्या नावावर आहे. एरवी मी ज्यांच्याकडे पाहतही नव्हतो त्या काड्यांवर माझी नजर राहील, आणि पुढच्या वर्षी ती बांधावर आली तर ती मला चोरासारखी वाटेल. काडी तीच आहे, म्हातारी तीच आहे आणि मीही तोच. मधे फक्त काडीला मोल आले.

नीट पाहिले तर गावात असे पुष्कळ आहे. ज्वारी काढून झाल्यावर पडलेली कणसे वेचायची, याला आम्ही सरवा म्हणतो. सरव्याकडे मालकाने पाहायचे नसते. तेरच्या गोरोबाकाकांच्या व्यवसायातही आव्याला शेणकूट आणि भुसकटच लागे. कुंभाराला ते कोणी मोजून देत नव्हते. आणि ऊसतोडीला जाणारी माणसे पाहा. दसरा-दिवाळी आटोपली की आमच्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या बीडमधून जोडपीच्या जोडपी पोराबाळांसह बाहेर पडतात. उसाचा हिरवा शेंडा, म्हणजे वाढे, हा तोडणाऱ्याचा, असा रिवाज आहे. ते आधी स्वतःच्या बैलांना, आणि उरलेले पेंढ्या बांधून गुरेवाल्यांना. तोडणीची मजुरी बहुतेक उचलीतच फिटते; रोजच्या मिठामिरचीला हातात पैसा येतो तो वाढ्याचा. हा हक्क कोणत्या कायद्यात लिहिलेला नाही. शेंडा गाळपाला नको, म्हणून तो टिकला. यंत्राने ऊस तोडला की तो नाहीसा होतो, आणि त्याविषयी कुठे तक्रारही नोंदवता येत नाही.

याउलट जिथे मालकी सांगणारे बलवान होते, तिथे काय झाले? उसाचे चिपाड. शंभर टन ऊस गाळला की त्यातले सुमारे तीस टन ओले चिपाड निघते. एके काळी ते बॉयलरमध्ये जाळून संपवायचे, एवढाच विचार होता. पुढे त्यापासून वीज होऊ लागली, ती विकली जाऊ लागली, आणि शेतकऱ्यांनी विचारले की ऊस आमचा तर चिपाड कोणाचे? केंद्राने नेमलेल्या रंगराजन समितीने ऑक्टोबर २०१२ मध्ये सांगितले की साखर आणि चिपाड, मळी यांसारखे उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्यातले सत्तर टक्के उसाला द्यावे. नुसती साखर धरली तर पंचाहत्तर टक्के. महाराष्ट्राने २०१३ साली याच धर्तीवर ऊसदराचा कायदा केला. तो किती पाळला जातो हा निराळा विषय. पण एक गोष्ट त्यातून उघड झाली. टाकाऊला मोल येताच वाटणीचा प्रश्न उभा राहतो, आणि तो सुटतो त्यांच्यापुरता, ज्यांना बैठकीत खुर्ची आहे.

हे सारे मी भाच्याला सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मामा, काडीला मोल येऊच द्यायचं नाही? त्या आजीनं जन्मभर धूर खायचा? तिचं भलं म्हणजे तिला तुराट्याच?"

प्रश्न बिनतोड होता. ती म्हातारी चुलीपाशी खोकताना मी ऐकली आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून घरोघर गॅस गेला तसा तिच्याही घरी आला. पण टाकी पुन्हा भरायला पैसे हातात असतील तेव्हा. एरवी तुराट्याच. जे कोणालाच नको ते आपले, ही मालकी आपण तिला दिलेली नाही. आपले लक्ष नव्हते म्हणून ती तिला मिळाली. अशा हक्काचे गोडवे गाणे सोपे असते, विशेषतः गॅसच्या शेगडीवर केलेला चहा पिताना.

इथे मघाची केरसुणी पुन्हा आठवावी लागते. मेलेले जनावर ओढून न्यावे आणि त्याचे कातडे, हाडे, शिंगे ज्याने ओढले त्याची, असा गावगाड्याचा रिवाज होता. तोही टाकाऊवरचा हक्कच. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांना मृतमांस आणि उष्टे सोडा म्हणून सांगितले. त्या हक्कात पोटाची सोय होती हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? पण त्या सोयीसाठी माणूसपण गहाण पडत होते. तेव्हा गरिबाला टाकाऊवर हक्क असावा, एवढे म्हणून माझे भागत नाही. ज्याने टाकाऊचे सोने करायचे ठरवले त्याने ते वेचणाऱ्यालाही बरोबर वर आणले पाहिजे. नाहीतर काडी वर चढते आणि माणूस आहे तिथेच राहतो, केरसुणी बांधणाऱ्यासारखा.

महाभारतातल्या मुंगसाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. युधिष्ठिराच्या अश्वमेधाला अर्धे अंग सोन्याचे झालेले एक मुंगूस आले. त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले होते एका उंछवृत्तीच्या ब्राह्मणाच्या घरी, उपाशी कुटुंबाने अतिथीला दिलेल्या पिठाच्या कणांत लोळून. उंछवृत्ती म्हणजे शेतात पडलेले दाणे वेचून जगणे. आमचा सरवाच तो. राजाच्या यज्ञात लोळून उरलेले अंग काही सोन्याचे झाले नाही. कीर्तनकार या कथेतून दानाचा महिमा सांगतात. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या पिठाचे दाणे कोणीतरी शेतात पडू दिले होते, आणि वेचणाऱ्याला अडवले नव्हते. त्या शेतकऱ्याचे नाव कथेत नाही.

आणखी एक धनी आहे, तो बोलतच नाही. जमीन. पालापाचोळा तिचे जेवण आहे. पाचट जाळू नका, सरीत पसरा, असे कृषी खाते सांगत असते ते उगीच नव्हे. ओल टिकते, कुजून खत होते. आमच्यासारख्या कमी पावसाच्या मुलखात तर ओल म्हणजे जीव. भाच्यानेच मला सांगितले की काडी पाण्यात शिजवली म्हणजे तिच्यातले स्फुरद बहुतांशी कोळशात राहते आणि पालाश बराचसा पाण्यात उतरते. मग ते पाणी शुद्ध करून, पारखून शेतात परत गेले पाहिजे. काडी नेली आणि परत काहीच दिले नाही, तर दहा वर्षांनी शिजवायला काडी तरी उगवेल का? जमिनीला बैठकीत खुर्ची देता येत नाही. पण तिचा वाटा लिहून ठेवता येतो.

बोलत बोलत रात्र झाली. मी त्याला म्हटले की तुझे भांडे यावे असे मला मनापासून वाटते. पाचट पेटते तेव्हा त्यात बांधावरची झाडे, पाखरांची घरटी आणि मातीतले जीव होरपळतात; ते थांबले तर पुण्यच आहे. पण भांडे येण्याआधी वाटणी लिहिली जावी, नंतर नव्हे. भांडे आल्यावर जो तो आपापल्या काडीवर बसेल, आणि मग न्याय सांगणारा माणूस गावाला वेडा वाटेल. वेचणारणीचा भाग मजुरी म्हणून नको; काडी गोळा करण्याचे काम गावातल्या बिनजमिनीच्या बायांच्या गटाकडे द्यावे, आणि कांडीच्या विक्रीत त्यांचा हिस्सा धरावा. पहिल्या कांड्या त्यांच्या चुलीला, मग खव्याच्या भट्टीला.

"हिशेब बसेल का?" तो म्हणाला.

"शून्य धरून बसत होता, तो बसला असे तरी कसे म्हणायचे?"

त्याने पेन्सिलीने ते शून्य खोडले. रकाना रिकामा राहिला. थोडा वेळ पेन्सिलीचे टोक कागदावर आपटत तो म्हणाला, "मग किती लिहू, मामा?"

मला आकडा सांगता येईना. मी एवढेच म्हणालो की जिथे तोड चालू असेल त्या फडावर सकाळी जा, आणि वाढ्याच्या पेंढीला काय भाव पडतो ते त्या बायांना विचारून ये.